दुसरा ज्वर आणि आपले कर्तव्य

ज्वराचा रुग्ण पहिल्याच दिवशी 'सुई द्या' असा आग्रह धरतो आणि चौथ्या दिवशी उतार पडताच रोवणीला जातो. एकोडी-साकोलीच्या धानपट्ट्यात हे नित्याचेच. आमच्या मते दक्षतेची खरी वेळ त्यानंतर सुरू होते.

१९३१ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी डुकरांवर प्रयोग केले. केवळ विषाणूने सौम्य आजार झाला, केवळ जीवाणूने काहीच झाले नाही. दोहोंच्या संयोगाने मात्र तीव्र फुप्फुसदाह झाला. २००२ मध्ये मॅककुलर्स व रेग यांनी उंदरांना आधी इन्फ्लुएन्झाचा विषाणू व सात दिवसांनी न्यूमोकॉकस दिला, तेव्हा सर्व उंदीर दगावले. क्रम उलटा ठेवताच उंदरांना संरक्षण लाभले. विषाणू श्वासमार्गाचे अस्तर उद्ध्वस्त करतो, जीवाणूंना चिकटण्यास जागा मोकळी करतो आणि फुप्फुसातील रक्षक पेशींना काही काळ निष्प्रभ करतो.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हे खरे. परंतु १९१८ च्या साथीतील मृतांच्या जतन केलेल्या फुप्फुसांची २००८ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा बहुतेकांत जीवाणूजन्य फुप्फुसदाहाच्या खुणा आढळल्या. त्या साथीत आपला भंडारा जिल्हा ज्यात होता तो मध्य प्रांत देशातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रदेशांपैकी होता.

एक व्याधी दुसऱ्या व्याधीचे निदान ठरतो, हा निदानार्थकर रोगाचा विचार चरकाचार्यांनी निदानस्थानात मांडला आहे. प्रतिश्यायातून कास व कासातून क्षय हा क्रमही तेथेच येतो. चरकांना विषाणू ठाऊक होता, असा दावा आम्ही करीत नाही. व्याधींच्या क्रमाकडे पाहण्याची दृष्टी मात्र आपल्याला परंपरेने लाभली आहे. ती चिकित्सालयात दिसावयास हवी.

म्हणून वैद्यबंधूंना आमची विनंती अशी. पहिल्या दिवशी प्रतिजैविकाचा मोह टाळावा. विषाणूवर ते निरुपयोगी असते. सातव्या दिवसापर्यंत रुग्णास पुन्हा बोलवावे. उतरलेला ज्वर परतला, श्वासगती वाढली, छातीत शूल उठला वा कफ पूययुक्त अथवा रक्तमिश्रित झाला, तर काढ्यावर वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. वृद्ध, बालक, गर्भिणी व मधुमेही यांच्या बाबतीत अधिकच सावध असावे. इन्फ्लुएन्झा व न्यूमोकॉकसच्या लसींविषयी त्यांना निःसंकोच सांगावे. यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही; रुग्णाचे प्राण हीच आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा होय.