मुठीचा हिशेब

जात्यावर दळण घालण्यापूर्वी सुपातील जोंधळ्याची एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची, एवढाच तो नियम होता. सातारा परिसरातील कितीतरी घरांतील गृहिणींनी तो नित्यनेमाने पाळला. त्या एका मुठीने घरातील कोणाची भाकरी कमी होत नसे, आणि आपण फार मोठे दान करीत आहोत असे टाकणारीलाही वाटत नसे. साठलेले ते धान्य वसतिगृहात राहून शिकणाऱ्या गरीब मुलांच्या पोटी जाई. या योजनेस ‘मुष्टिफंड’ असे नाव होते आणि तिच्यामागे उभे होते कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. तरुणपणी ते ओगल्यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. माल खपविण्याच्या निमित्ताने त्यांनी खेडी पाहिली आणि त्या खेड्यांत शाळेवाचून वाढणारी मुलेही पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि सर्व जातीधर्मांची मुले एका पंक्तीत जेवतील असे वसतिगृह तेथे सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

सोहळा एका दिवसात आटोपतो. मुलांना मात्र रोज दोन वेळा भूक लागते. वसतिगृहातील धान्य संपले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपला एकेक दागिना काढून देत. अखेरीस गळ्यातील मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या जेवणासाठी दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्यागापुढे मस्तक नमते. परंतु त्याच त्यागातून व्यवहारातील एक कठोर सत्यही समोर येते. दागिना एकदाच मोडता येतो. त्या पैशाने काही दिवस चूल पेटते. नंतर पुन्हा तीच भूक आणि तोच प्रश्न उभा राहतो. रोजच्या गरजेला रोजचाच आधार लागतो.

म्हणूनच त्या मुठीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एक मूठ सुमारे पन्नास ग्रॅमची धरली, तर एका घरातून वर्षाला अठरा किलोंहून थोडे अधिक धान्य निघते. दहा घरांच्या मुठी एकत्र केल्या की एका मुलाला दररोज अर्धा किलो धान्य वर्षभर पुरते. शंभर घरे म्हणजे दहा मुले आणि अठरा क्विंटल धान्य. हेच धान्य एखाद्या घराकडे एकरकमी मागितले असते, तर पेरणीच्या दिवसांत, दुष्काळाच्या वर्षी, लग्नसराईत ‘पुढच्या वेळी पाहू’ असेच उत्तर आले असते. मुठीला मात्र नाही म्हणण्याचे कारणच उरत नाही. तिचे लहानपण हेच तिच्या टिकण्याचे रहस्य होय.

या मुठीने आणखी एक गोष्ट साधली. जो वर्षातून एकदा देणगी देतो, त्याला संस्थेची आठवण वर्षातून एकदाच होते. रोज सकाळी मूठ टाकणाऱ्या गृहिणीला त्या मुलांची आठवण रोज होत असे. होता होता ती शाळा तिला परकी वाटेनाशी झाली. मुलेही केवळ घेणारी राहिली नाहीत. शेतात राबून, दगड फोडून, इमारतीचे काम करून ती आपल्या शिक्षणाचा भार उचलीत. ‘कमवा आणि शिका’ या मार्गावर साताऱ्यास १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. १९५४ साली कराडला महाविद्यालय झाले. मध्यंतरी सरकारी अनुदान थांबण्याचा कठीण प्रसंगही आला. पण संस्था मोडली नाही. तिची मुळे हजारो घरांच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचली होती. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह आहे आणि आज तिच्या शाखा सातशेहून अधिक आहेत.

पेढीवर बसणाऱ्या माणसाला हे नवे नाही. रोजमेळ रोज लिहिला तर पाव तासाचे काम असते. महिनाभर तुंबला तर दोन दिवस जातात आणि तरीही चार रकमा जुळत नाहीत. गिऱ्हाइकाचा विश्वास एका दिवाळीच्या सवलतीने मिळत नाही. वर्षानुवर्षे बरोबर तोललेल्या मापाने तो मिळतो. श्रावकाच्या व्रतांना अणुव्रते म्हणतात, त्यातही हाच विचार आहे: गृहस्थाला पेलेल एवढेच घ्यावे, पण घेतले ते मोडू नये.

माणसे बहुधा संकल्प लहान असल्यामुळे हरत नाहीत. फळ लवकर दिसत नाही म्हणून मध्येच थांबतात. आठ दिवसांच्या मुठींनी मडक्याचा तळही धड झाकला जात नाही. त्या वेळी मडक्यात डोकावून निराश होणे सोपे असते. साताऱ्याच्या त्या गृहिणींनी मडके किती भरले हे पाहण्यात वेळ घालविला नाही. मूठ टाकली आणि त्या दळायला बसल्या. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले, तोवर त्या मडक्यांतील धान्यावर वाढलेली मुले शिक्षक होऊन खेड्यांतील शाळांत शिकवू लागली होती.