सहलेखनाला परीक्षेत जागा कोठे?

फळ्यावर शिक्षकाने लिहावे आणि विद्यार्थ्याने ते वहीत उतरवून घ्यावे, ही ज्ञानाची वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे सहसा कोणास वाटत नाही. संगणकाच्या जाळ्यावरील दोन साधनांनी या वाटणीसमोर प्रश्नचिन्ह उभे केले आहे. अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, हे त्यांतले पहिले. त्यामुळे विद्यार्थ्याचे लेखन शिक्षकाच्या तांबड्या शाईपुरते न राहता वाचकांसमोर जाते. दुसरे साधन विकीचे. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने पहिला विकी खुला केला. त्यातील पान कोणीही दुरुस्त करू शकत असे. पुढे विकीपानांचा इतिहास जपण्याची पद्धत रूढ झाली. कोणी काय लिहिले, काय खोडले आणि केव्हा, याची नोंद त्यात राहते. सामुदायिक श्रमात प्रत्येकाचा वाटा असा उघडपणे नोंदला जाणे, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु यामागील विचार यंत्राने जन्माला घातलेला नाही. १९२०च्या दशकात सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच खेड्यातील प्राथमिक शिक्षकाने वर्गात छोटे छपाईयंत्र आणले. मुलांनी लिहिलेला मजकूर मुलांनीच जुळवून छापावा आणि दूरच्या शाळांतील मुलांना पाठवावा, अशी त्याची रीत होती. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियाना येथे डॉन लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूच्या शाळेतील आठ मुलांनी १९६७ साली एका शिक्षिकेस उद्देशून पत्ररूप पुस्तक प्रसिद्ध केले. एकेक विचार स्वतंत्र चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्यांची जुळणी करायची, पुनरुक्ती काढायची, सर्वांनी मिळून एकेक वाक्य तपासायचे, असे ते लिहिले गेले. सरकारी शाळांनी गरिबांच्या मुलांना नापास करून बाहेर काढले, हा त्या पुस्तकाचा आरोप होता आणि तो त्या मुलांनी एकत्र येऊन सिद्ध केला. महाराष्ट्रातील शाळांची हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके याच जातकुळीची. सहलेखन हे गरिबांच्या शाळेचे जुने साधन आहे. विकीने त्याला केवळ विस्तार दिला.

मग हा विस्तार येथे का रुजत नाही? पुण्यातील २०११ सालचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. काही महाविद्यालयांतील शेकडो विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहिण्याचे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून देण्यात आले. हेतू चांगला होता. पण पुस्तकांतून व संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उतरवलेला मजकूर इतक्या प्रमाणात आला की तो निपटून काढताना स्वयंसेवक संपादक थकून गेले आणि त्याच वर्षी तो प्रयोग गुंडाळावा लागला. विद्यार्थ्यांच्या अप्रामाणिकपणाकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे होते. परंतु ज्या विद्यार्थ्यास पहिलीपासून मार्गदर्शिकेतील उत्तर शब्दशः लिहिल्याबद्दल गुण मिळाले, त्याने विसाव्या वर्षी उतरवून घेणे हाच अभ्यास मानला, तर दोष कोणाचा? नक्कल ही त्याची विकृती नव्हती. ती त्याला मिळालेली शिकवण होती. साधन बदलले, परीक्षा तीच राहिली.

आज हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. सांगितल्याबरोबर निबंध लिहून देणारी यंत्रे २०२२च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आली आहेत. केवळ अंतिम उत्तरास गुण देणारी पद्धत त्यांच्यापुढे टिकणार नाही. कच्चा मसुदा, त्यावरील सहाध्यायांचे आक्षेप, दुरुस्ती आणि दुरुस्तीचे कारण यांना गुण देणारी पद्धत मात्र टिकू शकेल.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा घरात एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर गेलेला, अशा मुलांचे शिक्षण थांबले. घरच्या यंत्रावर विसंबणारे सहलेखन हे सहलेखन नसून नवी वर्णव्यवस्था होय. ते शाळेच्या वेळेत, शाळेच्या यंत्रावरच झाले पाहिजे. दुसरे असे की, मुलांचे श्रम खासगी कंपनीच्या कुलूपबंद दालनात जमा होता कामा नयेत. विकिपीडियावरील मजकूर श्रेय देऊन आणि त्याच अटीवर कोणासही वापरता येतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांनी हेच तत्त्व स्वीकारावे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. गावची विहीर, पिकांची जुनी वाणे, आठवड्याचा बाजार यांविषयी शाळेच्या विकीवर लिहायचे, तर मुलांना वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल, तलाठ्याचे दप्तर पाहावे लागेल, दोन सांगण्यांत विसंगती आढळली तर आपसांत वाद घालून निर्णय करावा लागेल. त्यातून जे पडताळून सिद्ध होईल, ते पुढे विकिपीडियावर नेता येईल. नक्कल करण्यासारखे तेथे काही नसेल. अर्थात, हे घडवण्यासाठी शिक्षकाला सवड हवी. तासिकेवर राबणारा कंत्राटी शिक्षक चाळीस मसुदे वाचील, ही अपेक्षा क्रूर आहे.

संगणक खरेदीच्या निविदा निघतात, उद्‌घाटने होतात, छायाचित्रे छापली जातात. मुलाच्या हाती खडू देण्याचा निर्णय मात्र कोणत्याही निविदेतून होत नाही. तो परीक्षा मंडळाने आणि शिक्षण खात्याने घ्यावयाचा आहे, आणि तो घ्यावयास लावणे हे पालकांचे व शिक्षक संघटनांचे काम आहे.