प्लास्टरचा ताजमहाल नको, घोडबंदरची बस द्या

नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातली सात आश्चर्यं एका फेरीत पाहून होतात. राजस्थानातल्या कोटा शहरात २०१३मध्ये तलावाकाठी अशीच बाग झाली. दिल्लीत २०१९मध्ये भंगारातून ताजमहाल आणि आयफेल टॉवर उभे राहिले. फोटो छान येतात, पोरं खूश होतात, फीत कापायलाही बरं पडतं. त्यामुळे शहर सजवायचा विषय निघाला की कुठल्याही महापालिकेला हा मोह होऊ शकतो. मीरा-भाईंदरला तो होण्याआधीच मीरा रोडच्या नया नगरमधल्या रहिवाशांनी काय नको आणि काय हवं ते ठरवून ठेवावं. त्यासाठी हे मुद्दे.

१. नकलेची किंमत अजमेरनं मोजली आहे.
अजमेरचा आना सागर हा बाराव्या शतकातला, चौहानांच्या काळातला तलाव. त्याच्या काठावर स्मार्ट सिटीच्या पैशातून ११ कोटींहून अधिक खर्च करून 'सेव्हन वंडर्स' बाग उभारली. त्यात पिरॅमिड आला, पिसाचा कलता मनोरा आला, कलोसियमही आलं. पण जागा पाणथळ होती. राष्ट्रीय हरित लवादानं २०२३मध्ये बांधकामं हटवायला सांगितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२५मध्ये त्या प्रतिकृती पाडाव्या लागल्या. आठशे-नऊशे वर्षांचं अस्सल पाणी समोर असताना सिमेंटचं कलोसियम बांधलं आणि पुन्हा खर्च करून ते मोडलं. मीरा-भाईंदरच्या तिन्ही बाजूंना पाणी, चिखल, तिवरं आणि मिठागरं आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानं तिवरांची तोड हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला आहे. इथली मोकळी दिसणारी जमीन रिकामी आहे असं समजून आराखडा काढणाऱ्यानं आधी अजमेरला जाऊन यावं.

२. विक्रमी म्हणावं असं बांधकाम आपल्या शेजारीच आहे.
भाईंदर पश्चिमेहून उत्तनमार्गे गोराईचा रस्ता धरला की ग्लोबल विपश्यना पॅगोडा येतो. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. उंची सुमारे ९६ मीटर. आतल्या दगडी घुमटाचा व्यास सुमारे ८५ मीटर आणि मध्ये एकही खांब नाही. विजापूरच्या गोल घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. म्हणजे आपल्या शाळांच्या सहली ज्या घुमटाला मान वर करून पाहायला विजापूरपर्यंत जातात, त्याच्या दुपटीहून मोठा घुमट इथून बसनं गाठता येतो. साधनेसाठी एका वेळी आठ हजार माणसं त्याखाली बसू शकतात. मुख्य सभागृहात साधकांनाच प्रवेश असतो, बाकीच्यांना काचेपलीकडून आत पाहता येतं. ज्याला बांधकामात रस आहे, त्याला तेवढंही पुष्कळ आहे.

३. 'पण तोही नक्कलच ना?' या प्रश्नाला उत्तर आहे.
पॅगोडाचा बाहेरचा आकार म्यानमारमधल्या यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडावर बेतलेला आहे. ज्यांच्या पुढाकारानं पॅगोडा उभा राहिला ते सत्यनारायण गोएंका विपश्यना शिकले ते ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, आणि त्या देशाचं ऋण मानण्यासाठी हा आकार निवडला गेला. औरंगाबादचा बीबी का मकबराही ताजमहालाच्या वळणावरचा, सतराव्या शतकातला. त्याला कुणी खेळणं म्हणत नाही, कारण तिथे दिलरास बानू बेगमची कबर आहे, कारागिरांचं काम आहे, साडेतीनशेहून जास्त वर्षांचं ऊन-पाऊस आहे. एका जागेचा आकार दुसऱ्या जागेनं घ्यायला हरकत नाही. त्या आकाराच्या आत काय चालतं, हे पाहायचं. मकबऱ्यात माणूस पुरला आहे, पॅगोड्यात माणसं ध्यानाला बसतात. बागेतल्या दहा फुटी आयफेल टॉवरच्या आत काहीच चालत नाही.

४. निसर्गाचं आश्चर्य जाहीर करून वाचत नाही, भोवती जागा सोडून वाचतं.
अमेरिकेच्या वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर आहे. तप्त शिलारस थंड होताना आकसतो, त्याला उभ्या भेगा जातात आणि खांब एकमेकांना चिकटून उभे केल्यासारखा डोंगर तयार होतो. १९०६मध्ये तो त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक झाला आणि भोवतालचा परिसर मोकळा राहिला. तशाच खांबांचा गिल्बर्ट हिल आपल्या अंधेरीत आहे, मीरा रोडहून लोकलनं अर्ध्या तासावर. उंची सुमारे ६० मीटर, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. २००७मध्ये त्याला वारसा दर्जा मिळाला, पण तोवर खाणकामानं कडे खाल्ले होते आणि इमारती पायथ्याला भिडल्या होत्या. आज तो पाहायचा तर गल्लीतून मान वर करावी लागते.

आपल्या हद्दीतही खडकाची गंमत आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा. मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी या पट्ट्यात मात्र फिक्या रंगाचे रायोलाइट आणि ट्रॅकाइट सापडतात. दख्खनच्या मुख्य लाव्हा उद्रेकांनंतरची ही शेवटची शेपटं. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी ती पाहायला येतात, आपण त्यावर चटई टाकून डबा खातो. डबा जरूर खावा, पण बसलोय कशावर हे सांगणारी पाटी तिथे असावी. आणि पाटीच्या आधी, गिल्बर्ट हिलचं झालं ते टाळण्यासाठी, त्या खडकांभोवतीची जागा विकास आराखड्यात राखलेली असावी.

५. मीठ पाहायला लोक बोलिव्हियाला जातात.
तिथलं सालार दे उयुनी हे मिठाचं पठार दहा हजार चौरस किलोमीटरचं, निसर्गानं घडवलेलं. भाईंदरचं मिठागर त्यापुढे चिमूटभर, पण ते माणसानं चालवलेलं आहे. उधाणाच्या भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, उथळ वाफ्यांतून पुढे नेत उन्हात आटवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की ओढून ढीग लावायचे, आणि हे सगळं पावसाआधी उरकायचं. चंद्र, वारा, ऊन आणि आगरी-कोळी घरांतलं पिढ्यान् पिढ्यांचं अंगात मुरलेलं ज्ञान यांवर हा कारखाना चालत आला. नया नगरच्या मुलाला प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ असते, पण ताटातलं मीठ दोन-चार किलोमीटरवर कसं पिकत आलं हे कुणी सांगितलेलं नसतं. मिठागर चालू असेपर्यंतच ते दाखवता येईल. तिथे टॉवर उभे राहिल्यावर त्यांच्या दारात मिठाच्या ढिगाचं शिल्प बसवण्यात अर्थ नाही.

६. खाडीचे तीन किल्ले ही एकच गोष्ट आहे, ती तुकड्यांत सांगू नका.
घोडबंदरचा किल्ला उल्हास नदी खाडीला मिळते त्या वाटेवर आहे. चौक गावाजवळचा धारावी किल्ला खाडीच्या मुखाशी, दक्षिण काठावर. समोर वसई. १५३४च्या तहानं गुजरातच्या बहादुरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षं या पाण्यावर त्यांचा ताबा होता. १७३७मध्ये घोडबंदर मराठ्यांकडे आलं, १७३९मध्ये आधी धारावी आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई पडली. वसईच्या चर्चमधल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर गेल्या, त्या आजही तिथे आहेत.

नकाशावर बोट ठेवलं की डावपेच कळतो: खाडीचं तोंड आणि खाडीचा गळा हातात आल्याशिवाय वसईची कोंडी होत नव्हती. फेब्रुवारी २०२४पासून भाईंदर आणि वसई किल्ल्याच्या जेट्टीदरम्यान रो-रो बोट सुरू झाली. म्हणजे ज्या पाण्यानं वसई राखली, त्याच पाण्यावरून आता तिकीट काढून जाता येतं. सकाळी घोडबंदर, दुपारी चौक, मग बोटीनं वसई: असा दिवस आखायला नवं बांधकाम काहीच लागत नाही. लागते ती एक बस आणि एक वेळापत्रक.

या गोष्टीत गुजरातचा सुलतान आहे, पोर्तुगीज आहेत, मराठे आहेत, उत्तनचे ख्रिस्ती कोळी आहेत. शेजारी गोराईला बुद्ध आहे. जानेवारी २०२४मधल्या तणावामुळे नया नगरचं नाव देशभर गेलं. या वस्तीतल्या अनेक कुटुंबांनी मुंबईतली जुनी घरं सोडली ती १९९२-९३च्या दंगलींनंतर. त्यांच्या तिसऱ्या पिढीला हा परिसर आपला वाटायचा असेल तर त्याचा इतिहास पूर्ण सांगावा लागेल. कुणाच्या विजयाचा तुकडा कापून दिला तर दुसऱ्याला तो परकाच वाटणार.

७. पाणजूकडे रोज पाहतो, तरी ते दिसत नाही.
भाईंदर सोडल्यावर लोकल खाडीवर येते आणि दोन पुलांच्या मध्ये एक बेट लागतं. ते पाणजू. पाण्यानं वेढलेलं, माणसांनी भरलेलं गाव. हद्दीनं ते वसईचं, पण रोज पाहतो आपण. खाडी आली की डब्यातून हात जोडले जातात आणि निर्माल्य, नारळ बाहेर भिरकावले जातात. पुलाशेजारून माणसं चालत असतात. सप्टेंबर २०२५मध्ये असाच फेकलेला नारळ लागून पाणजूच्या एका तरुणाचा जीव गेला. भाईंदर आणि नायगावच्या फलाटांवर निर्माल्य कलश ठेवणं आणि डब्यातून फेकणाऱ्याला दंड करणं यासाठी कुठल्याही वास्तुविशारदाची गरज नाही. परगावच्या चमत्काराच्या प्रतिकृतीवर पैसे घालण्याआधी एवढं व्हायला हवं.

८. पाट्या मराठीत हव्यात, आणि उर्दूतही.
यावर भुवया उंचावणाऱ्यांसाठी: अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू लिहिण्याला आव्हान दिलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५मध्ये ते फेटाळलं. मराठीचा मान पहिला, त्याखाली उर्दू आणि हिंदी. यात मराठीचं नुकसान नाही. उलट घोडबंदरच्या पाटीवर दोन लिप्यांत एकच मजकूर वाचणारी उर्दू माध्यमाची मुलगी त्या वळणावर नकळत मराठीही शिकेल.

९. आता मागायचं काय, ते स्पष्ट.
अ) सुटीच्या दिवशी मीरा रोड स्टेशन पूर्वेकडून घोडबंदर आणि भाईंदर पश्चिमेहून चौक-उत्तन-गोराई अशा परिवहनच्या फेऱ्या, एका दिवसाच्या एका तिकिटावर, रो-रोच्या वेळांशी जुळवलेल्या.
आ) शहरातल्या प्रत्येक शाळेची, माध्यम कोणतंही असो, वर्षातून एक सहल शहराच्याच हद्दीत. पाचवीला मिठागर, सातवीला किल्ले, नववीला खडक आणि तिवरं.
इ) वाटाडे स्थानिकच: आगरातली माणसं, उत्तनचे कोळी, नया नगरातली कॉलेजची मुलं. त्यांना प्रशिक्षण आणि मानधन.
ई) सुशोभीकरणाच्या नावाखाली पाणथळ जागेवर एकही नवं बांधकाम नको.
उ) किल्ल्यांवर पाणी, स्वच्छतागृह आणि सावली. घोडबंदरचा किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. तिथे आई-आजीला घेऊन गेलेल्या माणसाला स्वच्छतागृह शोधत फिरावं लागू नये.

१०. 'लोकांना मजा हवी असते,' हा आक्षेप मान्य आहे.
मजा हवीच. दिवसभर दुकान चालवून किंवा लोकलमध्ये लोंबकळून आलेल्या माणसाला रविवारी व्याख्यान नको असतं. पण बोटीतून वसईला जाणं, बुरुजावर वारा खाणं, उत्तनला ताजी मासळी घेणं यात मजा कमी नाही. फरक एवढाच की प्रतिकृतींच्या बागेत ती मजा पालिका बांधून देते आणि रंग उडाला की संपते. इथली मजा आधीपासून आहे, तिथवर पोचायची सोय तेवढी करायची आहे.

महापालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी ठरतो. त्याआधी नया नगरातल्या प्रत्येक सोसायटीनं वरच्या पाच मागण्या एका कागदावर लिहून, सह्या करून, आपल्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांना द्याव्यात आणि पोच घ्यावी. पाचांपैकी बसच्या मागणीला नवं बांधकाम काहीच लागत नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करावी.