विहिरीचा काठ कां ढासळतो?

पावसाळ्यांत काठ ढासळून विहीर बुजली, म्हणजे "अतिवृष्टि झाली" एवढें म्हणून आपण स्वस्थ बसतों. महसूल खात्यांत कारकून असतां अशा विहिरींचे पंचनामे मीं लिहिले. त्यांतहि कारण म्हणून हाच शब्द पडे. माझ्या मतें हें कारण अपुरें आहे. त्याच पावसांत शेजारची विहीर उभी राहते, ती कां?

मातीचे कण एकमेकांस दाबून धरतात, व त्या दाबामुळें होणाऱ्या घर्षणावर उभा काठ टिकतो. कणांमधील पोकळी पाण्यानें भरली म्हणजे कोंडलेलें पाणी त्यांना दूर लोटूं लागतें. पकड ढिली होते आणि वजन मात्र वाढतें. ऑस्ट्रियन इंजिनियर कार्ल टेरझागी यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत या शास्त्राचा पाया घातला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणीं वर माती, तिच्याखालीं मुरूम व त्याखालीं काळा पाषाण असतो. पाषाणांत पाणी सहसा मुरत नाहीं, तें मुरुमाच्या तळाशीं सांचून आडवें वाहतें. काठ पुष्कळदां तेथूनच सुटतो.

याहून घातक गोष्ट म्हणजे एकाएकीं केलेला उपसा. विहिरींतील पाणी हें काठाला आंतून टेकण असतें. मोटेच्या काळीं तें हळूहळू उतरे व काठांतील पाण्यास झिरपून येण्यास अवसर मिळे. विजेचा पंप भरलेली विहीर थोडक्या वेळांत खाली करतो. टेकण जातें, पण काठ चिंब तो चिंबच. चिकण मातींतून तर पाणी निघण्यास कित्येक दिवस लागतात. भर पावसाळ्यांत विहीर तळापर्यंत उपसणें हा मला शुद्ध अविचार वाटतो.

बांधकामांत भिंत जाड करण्याकडे लोकांचा ओढा असतो. त्यापेक्षां तिच्यांत जागोजाग भोकें ठेवून मागें खडी भरणें अधिक किफायतीचें. खोदाईचा मुरूम काठालगत रचूं नये. वरून येणारें पाणी चर काढून दूर वळवावें. काठाजवळ भेग दिसली, तर मजुरास खालीं मुळींच उतरवूं नये.

डोंगरउतार कापून खाचरें करणारांनींहि हें ध्यानीं घ्यावें. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर घसरून दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. वरच्या उतारावरील सपाटीकरणाचा त्यांत किती वांटा, याविषयीं वाद झाला. मुसळधार पाऊस डोंगरांत मुरला होता, याविषयीं मात्र वाद नाहीं.

विहिरीच्या अंदाजपत्रकांत दगड, सिमेंट व मजुरी यांचे आंकडे आपण बारकाईनें मांडतों. चर, खडी व पाझराचीं भोकें यांसाठीं त्यांत वेगळी रक्कम धरावी, अशी माझी सूचना आहे.