रिपोर्टात आकडा का नाही?

मेंदूतल्या रक्तस्रावाचा सीटी रिपोर्ट पुष्कळदा पानभर असतो. रक्त कुठल्या भागात आहे, भोवती सूज आहे का, मेंदूची मध्यरेषा सरकली का, सगळं लिहिलेलं असतं. रक्त साचलंय किती, तेवढं मात्र राहून जातं. ‘मोठा रक्तस्राव’, ‘लहानसा रक्तस्राव’ यावर भागवलं जातं. ही सवय मोडायला हवी.

गंमत म्हणजे हे यंत्र मुळात आकड्यांचंच. ग्रामोफोन रेकॉर्डसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी ते घडवलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. त्यांच्या नावाच्या मापात पाणी शून्यावर, मेंदूचा गर तिशी-चाळिशीत आणि गोठू लागलेलं ताजं रक्त साधारण ५० ते ७०वर. म्हणून तर ते फिल्मवर पांढरं उठून दिसतं.

बरं, मोजणं अवघडही नाही. रक्ताचा डाग ज्या छेदात सर्वांत मोठा दिसतो तिथे त्याची लांबी घ्यायची, तिला काटकोनात रुंदी घ्यायची, किती छेदांत डाग दिसतो त्यावरून उंची काढायची आणि तिन्हींचा गुणाकार निम्मा करायचा. ५, ४ आणि ३ सेंटिमीटर असतील तर ६०चे निम्मे, ३० मिलिलिटर. मिनिटभराचं काम. वेड्यावाकड्या डागाला हिशेब थोडा चुकतो, पण ‘मोठा’ या शब्दापेक्षा कितीतरी बरा.

नेमक्या या तिसावर बरंच काही अडलेलं असतं. अमेरिकेतले डॉ. हेम्फिल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलेली गुणपद्धती जगभर वापरली जाते. तीत पाच गोष्टी पाहतात: शुद्ध किती, वय ८० किंवा पुढे आहे का, रक्त ३० मिली किंवा जास्त आहे का, ते मेंदूतल्या पोकळ्यांत उतरलंय का आणि रक्तस्राव खाली, लहान मेंदू किंवा मेंदूस्तंभात आहे का. पाचांपैकी तीन उत्तरं फिल्मवरच असतात. लहान मेंदूत तर १५ मिलीही भारी पडतात. तिथे जागा अपुरी आणि श्वास सांभाळणारा मेंदूस्तंभ अगदी खेटून.

‘सकाळी काढला की, परत कशाला?’ दुसऱ्या सीटीचं नाव काढलं की नातेवाईक विचारतातच. बिल फुगवण्याचा संशय येणं साहजिक आहे; कुठे कुठे तो खराही असेल. पण फुटलेली रक्तवाहिनी पहिल्या स्कॅननंतर गप्प बसतेच असं नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, तीन तासांच्या आत स्कॅन झालेल्या १०३ रुग्णांपैकी ३८ टक्क्यांचा रक्तस्राव पुढच्या वीस तासांत एक तृतीयांशाहून अधिक वाढला. त्यातल्या बहुतेकांचा पहिल्या तासाभरातच.

आता पहिला रिपोर्ट ‘लहानसा’ म्हणतो आणि दुसरा ‘मध्यम’, तर वाढ किती झाली हे सांगायचं कोणी? तालुक्याहून शहरात रुग्ण हलवताना तर व्हॉट्सॲपवर फिल्मचा तिरका, चमक मारणारा फोटो जातो. ‘१५चे ३० झाले’ एवढं फोनवर सांगितलं तरी पलीकडचा न्यूरोसर्जन तयारीला लागतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव अधिक काळ वाढत राहू शकतो. दुसरा स्कॅन अशा रुग्णाला अधिकच गरजेचा. घरच्यांनी निघताना गोळ्यांची पाकिटं सोबत घ्यावीत.