पालवा बंदरावरची पत

मुंबईच्या बंदरातून घारापुरीची लाँच परतू लागली की प्रवाशांच्या दृष्टीस आधी गेटवेची कमान पडते आणि तिच्या मागे लाल घुमटाची करड्या दगडाची भव्य वास्तू. पाहणाऱ्यास साहजिकच वाटते की कमान आधी उभी राहिली आणि तिच्या शोभेसाठी मागाहून हॉटेल आले. इतिहास उलटा आहे. ताजमहाल हॉटेलचे दरवाजे १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. गेटवेचा पायाभरणी समारंभ झाला त्यानंतर काही वर्षांनी आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे सुमारे वीस वर्षे समुद्रमार्गे येणाऱ्यांचे स्वागत सरकारी कमानीने केले नव्हते. ते एका व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशातून उभारलेल्या वास्तूने केले होते.

तो व्यापारी म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांनी हे धाडस कोणत्या काळात केले, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत, मांडवी भागात, प्लेगचा पहिला रुग्ण आढळला. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे, गोदामे आणि पेढ्यांचा भाग. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. ज्यांना गावी आधार होता ते गावी गेले, व्यवहार थंडावले, बाहेरगावचे व्यापारी मुंबईचे नाव काढीनासे झाले. अशा वेळी शहाणा मनुष्य आपले भांडवल आवरून घेतो. जमशेटजींनी मात्र त्याच शहरात, समुद्रात भर घालून मिळवलेल्या पालवा बंदराच्या जमिनीवर, जगातील उत्तम हॉटेलांच्या बरोबरीचे हॉटेल बांधण्याचा संकल्प सोडला.

घरातूनही या बेताला फारसे प्रोत्साहन नव्हते. एकीकडे पोलादाचा कारखाना, दुसरीकडे विज्ञानसंस्था अशा मोठ्या योजना आखणारा आपला भाऊ आता भटारखाना काढणार काय, असा उपरोधिक प्रश्न त्यांच्या भगिनीने केल्याचे सांगितले जाते. प्रश्न अगदीच गैर नव्हता. राहण्याजेवणाची सोय करण्याच्या धंद्याला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती आणि हिशेबाच्या वहीत त्याचे उत्तरही सहज सापडणारे नव्हते.

हॉटेलच्या जन्माविषयी एक कथा सर्वत्र ऐकू येते. काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलात जमशेटजींना हिंदी म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानाचे उत्तर म्हणून त्यांनी ताज बांधले, अशी ती कथा. ऐकण्यास ती रोचक आहे, परंतु तिला समकालीन कागदोपत्री आधार मिळत नाही आणि अनेक अभ्यासक ती स्वीकारीत नाहीत. रागाच्या भरात दुकान काढता येते, मात्र पुढची अनेक वर्षे पैसा अडकून राहील अशी गुंतवणूक कोणी रागाने करीत नाही. शहराची घसरलेली पत सावरावी, परदेशी व्यापारी व प्रवासी येथे यावेत आणि त्यांना राहण्यास योग्य जागा मिळावी, हे कारण जमशेटजींच्या एकंदर वृत्तीशी अधिक जुळते.

बांधकामाचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोन हिंदी वास्तुविशारदांनी तयार केला. पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने काम पूर्णत्वास नेले. ठेकेदार होते खानसाहेब सोराबजी रतनजी. खर्च अडीच लाख पौंडांच्या घरात गेला. विजेचे दिवे, उद्वाहक, अमेरिकी पंखे, तुर्की पद्धतीची स्नानगृहे अशा सोयी या वास्तूत आल्या. जमशेटजी परदेशी गेले असता स्वतः हिंडून सामानाची निवड करीत. मेजवानीच्या दालनाला आधार देणारे पोलादी खांब त्यांनी पॅरिसहून मागविले होते. घुमटाखालचा मध्यवर्ती जिना आजही जाणकारांना थबकून पाहावयास लावतो.

या वास्तूविषयी दुसरीही एक दंतकथा आहे. बांधणाऱ्यांनी नकाशा उलटा धरला, म्हणून दर्शनी भाग मागे आणि पाठ समुद्राकडे आली आणि ते पाहून वास्तुविशारदाने आत्महत्या केली, असे सांगतात. यात तथ्य नाही. मूळचे प्रवेशद्वार शहराच्या बाजूस ठेवले होते, कारण घोडागाड्या तिकडून येत. समुद्राची बाजू खोल्यांसाठी राखून ठेवली, कारण पाहुण्याला वारा आणि दृश्य दोन्ही हवे असते. वीजपंखे नवलाईचे होते त्या काळी खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याचे मोल फार होते. आपल्या दुकानातील सर्वांत मोक्याची जागा मालकाच्या गादीसाठी न ठेवता गिऱ्हाइकाला द्यावी, हाच तो विचार.

उद्घाटनाच्या दिवशी इमारत पुरी झालेली नव्हती. पहिल्या दिवशी अवघे सतरा पाहुणे होते, असे सांगितले जाते. पाचच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. पोलादाची कंपनी १९०७ मध्ये आणि बंगळूरची विज्ञानसंस्था १९०९ मध्ये, दोन्ही त्यांच्या पश्चात उभ्या राहिल्या. त्यांच्या मोठ्या स्वप्नांपैकी एकच त्यांना डोळ्यांनी पाहता आले आणि ते होते हा ‘भटारखाना’.

पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात सहाशे खाटांचे रुग्णालय चालविण्यात आले. ज्या वॉटसनशी ताजचे नाव कथेत जोडले जाते, त्याचे पुढे काय झाले हेही पाहण्याजोगे आहे. इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सुटे भाग आणून उभारलेली ती इमारत एके काळी मुंबईचे भूषण होती. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ तेथेच झाला. कालांतराने हॉटेल बंद पडले, इमारत लहान लहान गाळ्यांत वाटली गेली, देखभालीची जबाबदारी कोणाचीच उरली नाही आणि २०१९ मध्ये मोडकळीस आल्यामुळे ती रिकामी करावी लागली. दोन्ही वास्तू एकाच शहरात, त्याच खाऱ्या हवेत उभ्या होत्या. एकीच्या हिशेबात घसाऱ्याची रक्कम दरवर्षी पुन्हा वास्तूत जात राहिली, दुसरीच्या बाबतीत ती कोणी घालावी हाच वाद राहिला. वाटणी झालेल्या पेढ्यांचे आणि वाड्यांचे असेच होते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

ताजचा दुसरा जन्म १९७० नंतर झाला. जुन्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी उंच मनोरा उभा राहिला आणि १९७३ मध्ये तो पाहुण्यांसाठी खुला झाला. त्या सुमारास इंडियन हॉटेल्स कंपनीची सूत्रे अजित केरकर यांच्या हाती होती. उदयपूरचे लेक पॅलेस, जयपूरचे रामबाग पॅलेस आणि गोव्यातील आग्वाद किल्ल्याजवळचे हॉटेल, असा विस्तार त्याच कालखंडातला. आज जुनी वास्तू आणि मनोरा मिळून साडेपाचशेच्या वर खोल्या आहेत. लग्नसमारंभ आणि व्यापारी बैठकांसाठी क्रिस्टल रूमसारखी दालने, पोहण्याचा तलाव, देशी-विदेशी भोजनाची अनेक उपाहारगृहे आणि समुद्राकडे तोंड करून बसलेले ‘सी लाउंज’. मुंबईतील गुजराती, मारवाडी, पारशी कुटुंबांच्या किती तरी सोयरिकी या सी लाउंजमध्ये चहाच्या टेबलावर पहिल्या भेटीत ठरल्या. दोन्ही घरची वडीलमंडळी अवघडून बसलेली, मुलगा-मुलगी खिडकीबाहेरच्या होड्यांकडे पाहणारी, हे दृश्य तेथील जुन्या सेवकांना चांगलेच परिचित. लग्नाच्या मेजवानीत कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेला स्वतंत्र स्वयंपाक आता मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत नित्याचा झाला आहे. त्यामागे आपल्या समाजाच्या आग्रहाचा वाटा आहे, तसा गिऱ्हाइकाचा नेम सांभाळणाऱ्या व्यवसायदृष्टीचाही आहे.

परंतु सोयी पैशाने विकत घेता येतात. या वास्तूची खरी परीक्षा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री झाली. सशस्त्र अतिरेकी आत शिरले आणि २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत हॉटेल धुमसत राहिले. तेथे एकतीस जणांचा बळी गेला. मेजर संदीप उन्नीकृष्णन यांना येथेच वीरमरण आले. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी नंतर या घटनेचा अभ्यास केला. बाराशे ते पंधराशे पाहुण्यांना सुखरूप बाहेर काढताना अकरा कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले, असे त्यांनी नमूद केले आहे. टेलिफोन ऑपरेटर जागेवर परतून खोल्याखोल्यांत फोन करीत राहिल्या आणि दारे बंद ठेवा, दिवे मालवा, असे सांगत राहिल्या. स्वयंपाकघरातील मंडळींनी पाहुण्यांभोवती स्वतःच्या देहाची भिंत केली. हॉटेलचे व्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी व दोन मुले सहाव्या मजल्यावरील आगीत मृत्युमुखी पडली, तरी ते कामावरून हटले नाहीत.

‘पाहुण्यासाठी मरा’ असा नियम कोणत्याही सेवापुस्तिकेत नसतो. मग हे कसे घडले? अभ्यासकांनी त्याचे एक कारण नोकरभरतीत शोधले. कंपनी मोठ्या शहरांतील हुशार उमेदवारांपेक्षा लहान गावांतून मुले निवडण्यावर भर देत असे. त्यांच्या गुणपत्रिकेपेक्षा वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आणि स्वभावातील आस्था अधिक तोलली जाई. प्रसंग पडल्यास कंपनीपेक्षा पाहुण्याची बाजू घ्यावी, हे त्यांना शिकविले जाई. आपल्या जुन्या पेढ्यांवर मुनीम आणि गुमास्ते नेमताना ‘घर कोणाचे’ ही चौकशी होई, तिचा चांगला अर्थ हाच होता. तिचा वाईट अर्थ, केवळ आपल्याच जातीतला माणूस घेणे, तेवढा टाकून द्यावयास हवा.

मनोऱ्याचा भाग २१ डिसेंबर २००८ रोजी पुन्हा सुरू झाला. जळलेली जुनी वास्तू दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी उघडली. त्याच डिसेंबरमध्ये पीडितांच्या साह्यासाठी एक विश्वस्त निधी स्थापन झाला आणि त्याची मदत हॉटेलच्या कर्मचाऱ्यांपुरती मर्यादित राहिली नाही.

यातून व्यापारी कुटुंबांनी घ्यावयाची एक अगदी व्यवहारी गोष्ट आहे. सर्वसाधारण अग्निविम्यात दहशतवादी कृत्याने होणारे नुकसान धरलेले नसते, त्यासाठी वेगळा हप्ता भरून जोड घ्यावी लागते. २००२ पासून देशातील विमा कंपन्यांनी एकत्र येऊन अशा जोखमीसाठी सामायिक व्यवस्था केली आहे. तसेच आगीनंतर दुकान बंद राहिले तर माल व फर्निचरची भरपाई मिळते, बुडालेल्या नफ्याची मिळत नाही. त्याची पॉलिसी निराळी असते. गोदामाचा विमा दरवर्षी न वाचता नूतनीकरण करणाऱ्यांनी या दोन कलमांवर एकदा बोट ठेवून पाहावे. बंद काळात नोकरांचे पगार कोठून द्यायचे, हा प्रश्न आग विझल्यावर विचारण्याचा नव्हे.

२०१७ मध्ये ताजच्या वास्तूचे रूप व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले. असा मान मिळालेली ती देशातील पहिली इमारत. घुमटाचे रूप कायद्याने राखता आले. ऑपरेटरच्या त्या फोनची नोंद कोणत्याही कार्यालयात करता येत नाही. ताळेबंदात त्यासाठी रकाना नाही. ती जमा खतावणीत दिसत नाही, परंतु दुकानाला आग लागलेल्या रात्री मागच्या दाराने पळून जाण्याऐवजी कोण पुढे येतो, त्यावरून तिचा आकडा कळतो.