बारभाईची शेती

मंडळी, दिवाळीत फराळाच्या ताटाइतकाच मान आपण हिशेबाच्या वहीला देतो. म्हणून यंदा मी खेळाची गोष्ट सांगणार असलो, तरी ती वहीचीच आहे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न रेबल्स नावाचा रग्बीचा धंदेवाईक संघ होता. १९९६ साली बारा संघांनिशी सुरू झालेल्या सुपर रग्बी स्पर्धेची पंगत वाढत वाढत २०११ साली या पंधराव्या पाहुण्यापर्यंत आली. मेलबर्न हे दुसऱ्याच फुटबॉलचे माहेरघर. चेंडू तसाच लांबट, पण नियम निराळे. अशा घरी आलेल्या नव्या सुनेला सांभाळून घेणारे वडीलधारे हवेत. पहिल्याच सामन्यात वाराटाझ संघाने ४३-० असा धुव्वा उडवला आणि मोसमाअखेर रेबल्स तळाला राहिले. त्यात नवल नाही. नवखा खेळाडू पडतो, शिकतो. पण कारभारी?

आरंभी हॅरल्ड मिचेल यांच्या पुढाकाराने धनिकांचे मंडळ मालक होते. २०१३ साली संघ व्हिक्टोरियाच्या रग्बी संघटनेकडे गेला, २०१५ साली पुन्हा खासगी मालकाकडे, आणि २०१७ साली अवघ्या एका डॉलरला परत संघटनेकडे! जुनी लुगडी देऊन भांडे घेतानाही आपण बोहारणीशी याहून अधिक घासाघीस करतो. एक डॉलर किंमत याचा अर्थ एवढाच, की मालापेक्षा त्यावरचा बोजा भारी होता. सहा-सात वर्षांत घराचा कर्ता तीनदा बदलला, तर गळके छप्पर शाकारायचे कोणी? बारभाईची शेती, काय लागेल हाती?

जानेवारी २०२४ मध्ये संघ प्रशासकांच्या हाती गेला. देणे दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक, आणि त्यात थकलेल्या सरकारी कराचा मोठा वाटा. मेअखेरीस देशाच्या रग्बी संघटनेने संघ बंद करण्याचे जाहीर केले. आणि दैवाची थट्टा पाहा, त्याच मोसमात खेळाडूंनी उपांत्यपूर्व फेरी गाठली होती! जूनमध्ये वेलिंग्टनला हरिकेन्सपुढे ते हरले, आणि तोच संघाचा शेवटचा सामना ठरला. मैदानावर घाम गाळणाऱ्यांनी आपले काम केले. बुडवले ते खुर्च्यांवरच्यांनी, असेच मला वाटते.

आपल्या सोसायटीच्या किंवा उत्सव मंडळाच्या सभेत जमाखर्च वाचू लागले, की आपले डोळे चहाच्या किटलीकडे लागतात. यंदा चहा थोडा निवू द्या, आणि खजिनदारांना दोन प्रश्न विचारा. ते रागावतील, पण मंडळ टिकेल.